प्रीप्रिंटवर प्रतिक्रिया लिहायची तर आधी आकृती उघडा

माझं काम सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजण्याचं. त्यामुळे प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेला शोधनिबंध, उघडला की सारांश बाजूला ठेवून मी आधी आकृत्यांखालची बारीक अक्षरं वाचते. प्रतिक्रिया लिहायची असेल तर तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

त्याआधी आवृत्तीचा क्रमांक पाहा. बायोआर्काइव्ह (bioRxiv) या जीवशास्त्राच्या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावर सुधारित आवृत्ती आली तरी जुनी तशीच राहते. एकदा दोन संध्याकाळी घालवून मी पहिल्या आवृत्तीतली चूक लिहिली. दुसरीत ती केव्हाच दुरुस्त झाली होती. आता पहिल्याच ओळीत 'आवृत्ती २, आकृती ३ब' असं लिहिते.

मग नमुन्यांची संख्या शोधा. ३०० लिहिलंय, पण ३०० काय? उंदीर तीनच आणि प्रत्येकाच्या शंभर पेशी मोजल्या असतील, तर स्वतंत्र नमुने तीनच. एकाच उंदराच्या पेशी एकमेकींसारख्या असतात; त्यांना सुट्या धरलं की पी-मूल्य (खरा फरक नसतानाही इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) उगाच लहान येतं. अशा वेळी 'सांख्यिकी चुकली आहे' एवढंच लिहू नका, त्यातून लेखकांच्या हाती काही लागत नाही. असं विचारा: "आकृती ३बमधले ३०० बिंदू तीन उंदरांचे आहेत का? असल्यास, प्रत्येक उंदराची सरासरी घेऊन तुलना केली तरी फरक टिकतो का?" प्रश्नच विचारा, कारण कधी कधी उत्तर पुरवणीत दिलेलं असतं आणि आपल्याच नजरेतून सुटलेलं असतं.

३१ जानेवारी २०२० रोजी, नव्या करोना विषाणूच्या स्पाइक प्रथिनात एचआयव्हीशी जुळणारे चार तुकडे असल्याचा प्रीप्रिंट बायोआर्काइव्हवर आला. इतके आखूड तुकडे इतर कितीतरी जीवांतही सापडतात, हे वाचकांनी तिथेच दाखवलं. तेच तुकडे डेटाबेसमध्ये टाकून कुणालाही पडताळता येत होतं. २ फेब्रुवारीला लेखकांनी तो मागे घेतला. तुमचा मुद्दाही असाच, दुसऱ्याला करून पाहता येईल असा हवा.

ज्या प्रीप्रिंटवर लिहिताय, त्याच प्रश्नावर तुम्हीही काम करत असाल तर प्रतिक्रियेत तसं सांगून टाका. भौतिकशास्त्रवाल्यांच्या आर्काइव्ह (arXiv) या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावर प्रतिक्रियांची सोय नाही. तिथल्या लेखकांना मेल करा किंवा पबपीअर (PubPeer) या शोधनिबंधांवर चर्चा करण्याच्या संकेतस्थळावर लिहा. पबपीअरवर नाव न देताही लिहिता येतं, पण मी नावानिशी लिहिते.

पंधरा दिवसांनी पुन्हा त्या पानावर जा. लेखकांच्या उत्तराने शंका फिटली असेल, तर त्याच ठिकाणी, तितक्याच ठळकपणे लिहा: "माझा आक्षेप चुकीचा होता, मोजणी बरोबर आहे."