जादूची वस्तू माणूस होते तेव्हा: कपडे शिवताना या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की माझ्या दारात चपलांचा ढीग लागतो. शाळांची गॅदरिंगं, बालनाट्य स्पर्धा, आणि आता ती कॉस्प्लेवाली, म्हणजे सिनेमा-कॉमिक्समधल्या पात्रांसारखी सजणारी पोरं. सगळ्यांना काहीतरी जुन्या काळातलं, राजवाड्यातलं, जादूचं हवं असतं. शापानं आरसा झालेली राणी, रात्री माणूस होणारी समई, राजाच्या खजिन्याचं बोलकं कुलूप. कल्पना छान असतात. मग मोबाइल पुढे येतो. त्यात एआयनं काढलेलं चित्र असतं आणि त्या चित्रातल्या झग्यात शिरायला जागाच नसते. बंद नाहीत, बटण नाही, साधी चीरसुद्धा नाही. "ताई, सेम असंच पाहिजे. परवापर्यंत."

बावीस वर्षं मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत नाटकाचे कपडे शिवतेय. त्याच त्या चुका बघून आता चिडायलाही कंटाळा येतो, म्हणून एकदा लिहून टाकते. पुढच्या वेळी कुणी आलं की हेच वाचायला देणार.

वस्तू अंगावर चढवू नका

हे पाप मी स्वतः केलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नाटक असं होतं: देवळातली घंटा रात्री मुलगी होते आणि गावात झालेल्या चोरीची गोष्ट सांगते. भूमिकेत सातवीतली एक चुणचुणीत पोरगी. मी तेव्हा नवीन, हौस दांडगी. जाड वायरची तीन कडी केली, एकाखाली एक मोठी होत जाणारी, त्यावर फोम आणि त्यावर सोनेरी सॅटिन. पुतळ्यावर चढवली तर हुबेहूब घंटा. फोटो पाठवला, सगळ्यांचे अंगठे आले.

प्रयोगाच्या दिवशी कळलं की विंगेतला दरवाजा अडीच फुटांचा आणि माझं खालचं कडं सव्वातीन फुटांचं. पोरीला आडवी करून आत घेतली. त्यात सॅटिन खिळ्याला अडकलं, कडं वाकलं आणि घंटेचं उपडं पातेलं झालं. तशीच रंगमंचावर गेली. दुसऱ्या प्रवेशात तिला गुरवाशेजारी बसून रडायचं होतं. ती बसली की कडं पुढून वर उठायचं, थेट नाकापर्यंत. तिसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा प्रेक्षक हसायला लागले. मध्यंतरात तिची आई माझ्या कानाशी आली. "ताई, पोरगी बसंना झालीय, आन् आता तिला बाथरूमला जायचंय."

टाके उसवून बाहेर काढली तिला. पुढचा अर्धा प्रयोग तिनं माझी मातकट पिवळी ओढणी गुंडाळून केला. बोलताना ती कमरेतून किंचित डुलायची, थांबली तरी ते डुलणं क्षणभर रेंगाळायचं. तालमीत तिनं आपली आपणच बसवलेली हालचाल होती ती. माझ्या पिंजऱ्यात ती दिसलीच नव्हती. ओढणीतली घंटा माझ्या घंटेपेक्षा बरी वाजत होती आणि मी विंगेत उभी राहून वायरचं भेंडोळं आवरत होते.

वर आणखी गंमत म्हणजे, कड्यांवर फुगवलेला घागरा मध्ययुगातलासुद्धा नाही. तो प्रकार पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनच्या दरबारात सुरू झाला, म्हणजे मध्ययुग जवळजवळ आटोपल्यावर.

आता घंटा करायची झाली तर मी आठ कळ्यांचा, म्हणजे वर निमुळत्या आणि खाली रुंद तुकड्यांचा, घेर घेते. बारा वर्षांच्या मुलीला खाली चार मीटर घेर पुरतो, म्हणजे एका कळीचा खालचा काठ अर्धा मीटर. कळ्या एक सुलटी, एक उलटी अशा मांडून कापायच्या, कापड वाया जात नाही. घेराच्या दुमडीत जाड सुतळी घालायची. मुलगी गिरकी घेऊन थांबली की खालचं वजन आणखी अर्धा हेलकावा खातं. तीच घंटा. लोलक म्हणून कमरेच्या पट्ट्याला एक लाकडी गोळा टांगायचा, बास. त्यापेक्षा जास्त खूण लागत असेल तर दोष कपड्याचा नाही, संवादांचा आहे.

कळ्यांचा एक धडा राहिला. कळीची बाजू उरेब, म्हणजे तिरकी कापलेली असते, ती ओघळते. शिवल्या शिवल्या खालची दुमड मारू नका. घागरा एक रात्र खुंटीला टांगा, सकाळी जमिनीपासून माप घेऊन खालचा काठ समान कापा, मग दुमडा. "एवढा वेळ कुठाय?" म्हणणाऱ्यांचे घागरे मी लांबूनच ओळखते. चार ठिकाणी चार उंच्या असतात.

मध्ययुग म्हणजे नेमकं कुणाचं?

दुसरी माझ्या खास रागाची चूक ही. आपल्याकडे 'जुन्या काळातलं' म्हटलं की हात आपोआप अंगरखा, फेटा आणि मोत्यांच्या माळेकडे जातो. सातवीच्या इतिहासात मध्ययुग म्हणून शिवकालच डोक्यात बसलेला असतो आणि मालिकांनी तो पक्का केलाय. शिवकाल हा सतराव्या शतकातला. तुमची गोष्ट यादवांच्या किंवा शिलाहारांच्या काळातली असेल, तर चार-पाचशे वर्षांचा फरक पडतो. दुसरं टोक म्हणजे मुकुट, कॉर्सेट आणि कॅनकॅनचा गाऊन. कॉर्सेटची घट्ट चोळी ही सोळाव्या शतकापासून पुढची गोष्ट. त्याआधी कपडा अंगाला बसवायचा तर बाजूला किंवा पुढे नाडी ओवायचे.

चित्रं शोधायला इंटरनेट कशाला हवं? खिद्रापूरला जा. कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांचं, बाराव्या शतकातलं, आणि आपल्याच जिल्ह्यात. लोक जातात, स्वर्गमंडपाच्या गोल झरोक्याखाली उभं राहून आकाशाचा फोटो काढतात आणि परत येतात. बाहेरच्या भिंतीवरच्या बायकांकडे कपड्यांच्या नजरेनं कुणी बघत नाही. मी वही घेऊन अख्खा दिवस बसले होते. शिवण कुठेच दिसली नाही. नेसलेलं वस्त्र, कमरेला मेखलेचे पदर, अंबाडे निरनिराळे आणि बाकी सगळी वेशभूषा दागिन्यांची. त्या काळची समई माणूस होऊन आली तर ती अशीच येईल, नेसून. शिवलेला अंगरखा घालून येणार नाही.

शाळेच्या रंगमंचावर तसंच्या तसं चालत नाही, हे मलाही कळतं. मी अंगाच्या रंगाची चोळी देते आणि वरून उत्तरीय घेते. तडजोड करायला माझी ना नाही, पण आपण कशाशी तडजोड करतोय एवढं तरी माहीत असावं.

गोष्ट युरोपातली असेल तर आणखी सोपं आहे, कारण त्या काळच्या तिकडच्या झग्याचं आणि आपल्या कळीदार सदऱ्याचं गणित जवळजवळ एकच. कापड महाग, म्हणून सरळ रेषेत कापायचं: पुढं-मागं लांब आयत, बाजूला तिकोनी कळ्या, काखेत एक चौकोनी तुकडा. जुन्या वळणाचा कुठलाही सदरा शिवणारा मास्तर हे डोळे मिटून शिवून देईल. डोक्यावरचं ते खांद्यापर्यंतचं टोपडं म्हणजे आमच्या पावसातल्या घोंगडीच्या खोळीची सख्खी बहीण. मी ते घोंगडीचंच करते, आतून मांजरपाटाचं अस्तर लावून. अस्तर विसरलात तर पोरगं पूर्ण प्रवेशभर मान खाजवत राहील.

वस्तूचंही वय असतं

माणूस मध्ययुगातला आणि वस्तू विसाव्या शतकातली, हे सर्रास दिसतं. घड्याळ माणूस झालं की छातीवर एक ते बारा आकडे आणि दोन काटे. चौदाव्या शतकातली मनोऱ्यावरची घड्याळं मुख्यतः टोले द्यायची. इंग्लंडातल्या सॅलिसबरीच्या चर्चमधलं 1386 चं म्हणून ओळखलं जाणारं घड्याळ तर बिनतबकडीचं आहे. मिनिटकाटा रुळला तो सतराव्या शतकाच्या शेवटाकडे. म्हणजे त्या काळचं घड्याळ माणूस झालं तर तो अंगानं लोखंडी, दोरांना वजनं टांगलेला, आणि दर तासाला दचकून ओरडणारा कुणीतरी असेल. कपड्यासाठी हे किती जास्त मसालेदार आहे बघा.

आरशाचंही तसंच. भिंतभर सपाट काच विसरा. मंदिरांवरच्या दर्पणसुंदरींच्या हातात असतो तो छोटा, गोल, घासून चकचकीत केलेल्या धातूचा. चहाची किटली मध्ययुगीन युरोपात नेऊ नका, तिकडे चहाच सतराव्या शतकात पोचला.

आणि एकदा एका कॉलेजच्या पोरांनी यादवकाळातला खलबत्ता आणला, त्याच्या उपरण्याला लाल मिरच्यांची झालर. मी म्हटलं, बाबांनो, मिरची पोर्तुगिजांबरोबर आली, 1498 च्या आधी इथं कुणी मिरची बघितली नव्हती, काळी मिरी लावा. त्यांचे चेहरे असे पडले, जणू मी तांबडा रस्साच बंद करायला सांगितलाय.

पितळ म्हणजे सोनेरी सॅटिन नव्हे

सॅटिन रंगमंचाच्या प्रकाशात पांढरट चमकतं, घड्या हरवतात, पोरगं मिठाईच्या बॉक्ससारखं दिसतं. घरातली समई नीट बघा. दांडी रोज पुसली जाते म्हणून उजळ. ताटलीखाली तेलाचे ओघळ, त्यावर धूळ बसून काळपट. बैठकीच्या खाचेत चिंच न पोचल्यामुळे हिरवट. म्हणजे रंग एक नाही, चार. मी इचलकरंजीचं कोरं मांजरपाट आणते, रात्रभर भिजवून आटवते (न आटवता कापाल तर पहिल्या धुण्यात तोंडघशी पडाल), मग मोहरीच्या रंगाच्या जवळ नेते. काठाकडे कात आणि चहाचं पाणी, काखेत आणि कमरेपाशी गडद, खांद्यावर आणि गुडघ्यावर कोरड्या ब्रशनं थोडा उजळ रंग. जिथं हात लागतो तिथं वस्तू चमकते, जिथं लागत नाही तिथं मळते. हा एवढा विचार केला की माणसाच्या अंगावर वस्तूचा इतिहास आपोआप उमटतो.

मध्ययुग म्हणजे सगळं तपकिरी-करडं, हाही एक गैरसमज. मंजिष्ठाचा लाल, निळीचा निळा, पिवळ्यावर निळा चढवून केलेला हिरवा, हे सगळं होतं. नव्हते ते भडक रासायनिक रंग. त्यांची सुरुवात 1856 च्या जांभळ्यापासून.

बाकीच्या, पटापट

चेन लावू नका. लावायचीच असेल तर पाठीत लपवा आणि वरून खोटे बंद शिवा. बाराबंदीला बंद कसे असतात ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

खिसे नकोत. कमरेला चंची किंवा बटवा टांगा.

ग्लू गन. नको म्हणजे नको. घामानं सुटते, डाग राहतो, आणि उसवून दुरुस्त करता येत नाही. महाद्वार रोडवरून पन्नास रुपयांची लेस आणून गरम गोंदानं चिकटवली की पोशाख झाला, असं वाटणाऱ्यांनी माझ्याकडे येऊ नये.

बकरम (ताठपणासाठी आत घालतात ते कापड) कोल्हापूरच्या पावसाळ्यात पापडासारखं लोळतं. ताठपणा हवा तर कापडाचेच दोन थर घेऊन उभ्या-आडव्या टिपा घाला.

पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. यावर मी काही बोलतच नाही.

कुलुपाच्या गळ्यात किल्ली अडकवू नका. कुलुपाकडे किल्ली नसते म्हणून तर गोष्ट आहे.

शिवायच्या आधी एवढं विचारा: हा माणूस शापानं वस्तू झाला होता, की वस्तूच पहिल्यांदा माणूस झालीय? पहिल्याला कपडे घालायची सवय आहे, त्याचे कपडे फक्त जुने झालेत. दुसरीला गाठ कुठे मारतात तेही ठाऊक नसणार. तिचा एखादा बंद चुकीच्या जागी बांधा. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी दहातल्या नऊ जणांनी हे ठरवलेलंच नसतं.

लांबून बघा. मी पोशाख गॅलरीच्या कठड्याला टांगते आणि बोळाच्या टोकाला जाऊन मागे वळते. तिथून वस्तू ओळखू आली नाही तर कापातच चूक आहे, लेस लावून काही होत नाही.

आणि हळदीनं रंगवलेलं कापड कुणाच्याही आईच्या हाती देऊ नका. आमची एक समई पहिल्या प्रयोगानंतर घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लालभडक होऊन परत आली. साबणानं हळदीचं कुंकू केलं होतं. बाई रडकुंडीला आलेल्या, प्रयोग दुपारी चारचा. मी बादलीभर पाण्यात सहा लिंबं पिळली, कापड बुडवलं, आणि दोन मिनिटांत पिवळं झालं. पंख्याखाली वाळवलं, इस्त्री फिरवली. समई वेळेवर उभी राहिली, फक्त शेजारच्या गुरवाला पूर्ण प्रवेशभर सरबताचा वास येत होता.