उपटलं, फवारलं, तरी परत आलं? बागेतल्या या चुका टाळा

वसाहतीत गाजरगवत काढायची मोहीम बहुतेक वेळा पांढरी फुलं डोळ्यांवर आल्यावरच ठरते. तोवर उशीर झालेला असतो. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात हे तण फुलावर येतं आणि चांगलं पोसलेलं एक झाड 15 हजारांहून जास्त बिया टाकतं. अशी झाडं उपटून रस्त्याने ओढत नेली की पुढच्या पावसाची पेरणी आपणच करतो! पाऊस पडून गेल्यावर, माती ओली आणि रोपं वीतभर असताना ती मुळासकट निघतात, तीच वेळ साधा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच, कारण या तणाने अंगाला खाज सुटते, काहींना दम्याचाही त्रास होतो. फुलाआधी काढलेलं गवत कंपोस्टमध्ये चालतं, फुलोऱ्यातलं मात्र नको.

एकदा साफसफाई झाली, फोटो निघाले, की विषय संपला असं वाटतं. मातीत जुन्या बिया कित्येक वर्षं तग धरून असतात, त्यामुळे दर चांगल्या पावसानंतर एक फेरी मारावीच लागते. मोकळी केलेली जमीन तशीच उघडी ठेवणं ही त्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक. तिथे टाकळा दाट उगवू दिला तर तो गाजरगवताला डोकं वर काढू देत नाही.

घाणेरीची गोष्ट वेगळी. कोयत्याने ती छाटली की बुंध्यातून दुप्पट धुमारे फुटतात. खोड आणि मूळ जिथे जुळतात, त्याच्या बोटभर खाली कुदळीने मूळ तोडायचं आणि झुडूप तिथेच उलटं करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा मूळ धरत नाही. पक्षी घाणेरीची फळं खाऊन झाडांवर बसतात, म्हणून नवी रोपं शोधताना मोठ्या झाडांखाली आधी बघा. शोभेच्या कुंडातली जास्तीची जलपर्णी ओढ्यात सोडणाऱ्यांना काय म्हणावं? ती वाळवा, मगच टाका.

किडीच्या बाबतीत आपली सवय अशी, की आधी फवारायचं, मग बघायचं. जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसला की तो पिठ्या ढेकूणच, असं ठरून जातं. जरा जवळून बघा. त्यात एखादी मोठी, मेणाच्या लांब तंतूंनी झाकलेली अळी लगबगीने फिरताना दिसली, तर ती बहुधा पिठ्या ढेकूण खाणाऱ्या भुंगेऱ्याची असते. ढेकूण मात्र जागचे फारसे हलत नाहीत. जहाल औषध मारलं तर आधी ही मदतनीसच मरते, लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, खाणारे कीटकही जातात आणि काही दिवसांनी पानांवर हा कोळी पसरतो. मग पुन्हा फवारणी. हे चक्र कुठल्याही कीटकनाशकाने थांबत नाही.

खोडावर मुंग्यांची रांग चढत असेल तर तिकडेही लक्ष द्या. मावा आणि पिठ्या ढेकूण जो गोड चिकटा सोडतात, त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. मुंग्यांची वाट तोडली नाही, तर मित्रकिडींना काम करता येत नाही.

कडुनिंबाचं तेल गुण देत नाही, ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा तेल पाण्यात मिसळलेलंच नसतं, वर तरंगत असतं. थोडा सौम्य साबण घालून ते नीट घुसळा, एका फांदीवर करून बघा आणि संध्याकाळी फवारा. भर उन्हात पानं करपतात. कीड पानाच्या मागे असते, नोझल मात्र वरून फिरतं. अंड्यांतून नवी पिल्लं निघत राहतात, म्हणून आठवडाभराने पुन्हा फवारावं लागतं.

आफ्रिकन गोगलगायींवर वाफ्यातच मीठ टाकू नका, गोगलगाय मरेल पण माती नासेल. विषारी गोळ्या कुत्र्या-मांजरांच्या जिवावर उठतात. संध्याकाळी ओलं गोणपाट अंथरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. उघड्या हाताने अजिबात धरू नका, त्यांच्यात माणसाच्या मेंदूपर्यंत पोचणारे जंत असू शकतात. भिंतीपलीकडे फेकणं तर सोडाच, रात्री त्या परत येतात.

आणि भिंतीपलीकडचा तो पट्टा नेमका कुणाचा, हे मोहिमेआधी ठरवा. कुंपणाची कड, गटाराचा काठ, बंद पडलेला प्लॉट या बेवारस जागांतूनच बी आणि कीड पुन्हा आत शिरते. दोन्ही बाजूंनी एकाच आठवड्यात काम काढा.