लिफ्ट केलेल्या जिप्सीचा मागचा शाफ्ट: आधी अँगल बघा, मग खर्च करा

जिप्सी किंवा जुन्या थारला गाडी उंच करणारं लिफ्ट किट टाकलं आणि आता घोडबंदर रोडवर ६०-७० ला खालून घरघर येतेय, तर लगेच नवीन प्रोपेलर शाफ्ट (मागच्या ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा फिरता दांडा) घेऊ नका. गाडी सपाट जागी चाकांवरच उभी करा, जॅकवर अजिबात नको कारण ॲक्सल लटकला की माप चुकतं, मग फोनमधलं अँगल मीटर आधी ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) फ्लँजला, म्हणजे शाफ्ट जोडतात त्या चकतीला, आणि नंतर पिनियनच्या (शाफ्टकडून ताकद घेणारा ॲक्सलमधला गिअर) फ्लँजला लावा. साधा, दोन्ही टोकांना एकेक क्रॉस (वळणारा सांधा) असलेला शाफ्ट असेल तर दोन्ही समांतर हवेत. नसतील तर पाटे आणि ॲक्सलच्या मध्ये वेज शिम (पाचरीसारखी पट्टी) टाकून पिनियनचा अँगल बदलता येतो. डबल कार्डन (एका टोकाला दोन क्रॉस जोडलेला शाफ्ट) बसवणार असाल तर हिशोब वेगळा, तिथे पिनियनचं तोंड शाफ्टच्या रेषेत, एक-दोन डिग्री खालीच ठेवायचं, ॲक्सिलरेटर दिला की ते वर उचलतं.

स्लिप योक (शाफ्टचं आत-बाहेर सरकणारं टोक) किती बाहेर आलाय तेही बघा. त्याची स्प्लाइन (एकमेकांत बसणाऱ्या खाचा) थोडीच अडकलेली असेल तर शाफ्ट लांब करून घ्या, पण बॅलन्सिंगशिवाय परत आणू नका, लेथवाला कितीही घाई करू दे. आणि शाफ्ट उघडण्याआधी पंचने खुणा करा, दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत बसले नाहीत तर थरथर राहणारच.