सगळेच ‘सेल्फिश’ नसतात : इंग्रजीत नावं ठेवताना या चुका टाळा

माणसाला नावं ठेवायला मराठीत शब्दांची ददात नाही. आपलपोटा, मतलबी, शिष्ट, आढ्यताखोर, दीडशहाणा. कोणाला ‘ग’ची बाधा झाली तर तेही दोन शब्दांत सांगून मोकळं होता येतं. इंग्रजी सुरू झालं की मात्र हा सगळा गोतावळा आपण ‘सेल्फिश’ आणि ‘ईगो’ या दोन खुंट्यांवर टांगतो. इतकी वर्षं इंग्रजी शिकवतेय, पण या खुंट्या काही हलत नाहीत.

आधी बघा, माणूस ओढून घेतो की मिरवतो? ऑफिसात सगळ्यांसाठी आणलेल्या सामोशांतले शेवटचे दोन गुपचूप स्वतःच्या डब्यात टाकणारा सेल्फिश. स्वतःच्या खर्चाने सामोसे वाटणारा, पण वाटता वाटता अर्धा तास आपल्या प्रमोशनची कथा लावणारा सेल्फिश कसा? तो ‘कन्सीटेड’, किंवा बोलीत ‘फुल ऑफ हिमसेल्फ’. आणि आपलं खाणं झालं म्हणजे सगळ्यांचं झालं असं धरून चालणारा ‘सेल्फ-सेंटर्ड’. त्याला कोणाचं काही लुबाडायचं नसतं, इतर लोक त्याच्या लक्षातच येत नाहीत.

‘ही इज व्हेरी ईगो’ हे वाक्य मला दर बॅचमध्ये भेटतं. ईगो हे नाम आहे, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नुसता ‘मी’. मनोविश्लेषक फ्रॉइडने जर्मनमध्ये साधं ‘दास इश’, म्हणजे ‘मी’च, लिहिलं होतं, इंग्रजी भाषांतरात त्याचं लॅटिन झालं. आपल्या ‘अहंकारा’तही तोच ‘अहं’ बसलाय. तेव्हा ‘ही हॅज अ बिग ईगो’ म्हणा, नाहीतर ‘ही इज इगोटिस्टिकल’. यातला ‘ट’ गाळू नका. सतत मी-मी करणारा तो इगोटिस्ट. बिनटकाराचा इगोइस्ट नीतिशास्त्रातला, स्वहित हाच पाया मानणारा. खुद्द इंग्रजांचाही इथे घोळ होतो, त्यामुळे यावरून कोणाला टोकायला जाऊ नका.

सोसायटीच्या ग्रुपवर चपलांच्या रॅकबद्दल ‘सर्व सभासदांना याद्वारे सूचित करण्यात येते की’ अशी सुरुवात करणारे काका आठवा. ते ‘पॉम्पस’, ‘सेल्फ-इम्पॉर्टंट’. स्वार्थ औषधालाही नाही, नळ बिघडला तर रात्री अकराला धावत येतील. त्यांना सेल्फिश म्हणणं अन्याय होईल. मराठीतल्या ‘शिष्ट’ला ‘स्टक-अप’ चालतं. दुसऱ्याची राहणी नाहीतर आवड हलकी म्हणून नाक मुरडणारा असेल, तर ‘स्नॉब’.

‘नार्सिसिस्ट’ हल्ली फारच स्वस्त झालाय. पाण्यातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळलेल्या ग्रीक कथेतल्या नार्सिससवरून तो आला. 1914 साली फ्रॉइडने त्यावर निबंध लिहिला आणि 1980 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत तो व्यक्तिमत्त्व विकार म्हणून दाखल झाला. दिवसाला चार सेल्फी टाकणाऱ्या वहिनींना हे निदान चिकटवू नका. त्यांना ‘व्हेन’ (vain), म्हणजे आपल्या रूपावर खूश, एवढं पुरे.

‘मीन’ जपून वापरा. ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ चिक्कूही होतो, अमेरिकेत बहुतेक वेळा खडूस, दुष्ट. आणि ‘सेल्फ’ दिसलं की गर्व असं धरू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने आत्मविश्वास दाखवायला मुलाखतीत ‘आय अॅम व्हेरी सेल्फ-कॉन्शस’ असं छाती पुढे काढून सांगितलं. अर्थ झाला, मला चारचौघांत अवघडल्यासारखं होतं. समोरच्यांनी त्याला पाणी दिलं.

वर आलेल्या ‘व्हेन’चं स्पेलिंगही बघून घ्या. एका मुलीने निबंधात सतत आरशासमोर उभ्या राहणाऱ्या मावशीला ‘व्हेन’ म्हटलं. शब्द अचूक, वाक्य झकास. फक्त ‘ए’च्या जागी ‘ई’ पडला आणि मावशीची शीर झाली.