गाड्यांसाठी क्रोशाची मॅट विणताय? या चुका टाळा

आपल्याकडे क्रोशाचा हात बसतो तो तोरणावर, ताटावरच्या रुमालावर, रुखवतात मांडायच्या वस्तूंवर. तिथे जाळी जितकी मोकळी आणि फूल जितकं उठावदार, तितकं काम देखणं. मुलांच्या खेळण्यातल्या गाड्यांची, रस्ते विणलेली मॅट मात्र दिसण्यावर पास होत नाही. तिच्यावर गाडी ढकलली की ती सरळ पळाली पाहिजे. मॅट बिघडते तेव्हा बहुतेक वेळा रुमालाची सवय रस्त्यावर उतरलेली असते.

खालची मापं 100 × 75 सेंमीच्या मॅटसाठी आहेत. ती 25 × 25 सेंमीच्या 12 चौकोनांची, आडवे चार आणि उभे तीन. सलग एकच तुकडाही विणता येतो, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात अर्धवट झालेली जड मॅट मांडीवर घेऊन बसणं नको होतं. चौकोन हातात मावतात, आणि एखादा बिघडला तर तेवढाच उसवावा लागतो.

लवकर उरकावं म्हणून खांब घालणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. खांब म्हणजे क्रोशाचा उंच टाका. त्याने काम भराभर वाढतं, पण दोन खांबांमध्ये फट राहते. मुलांच्या लहान धातूच्या गाड्या साधारण 7 सेंमी लांब आणि 3 सेंमी रुंद असतात. त्यांचं चाक जेमतेम एक सेंमीचं. ते त्या फटीत बसतं आणि गाडी जागीच आडवी होते.

रस्ता मुक्या खांबानेच विणायचा: सुई टाक्यात घालायची, दोरा ओढून घ्यायचा, पुन्हा दोरा घेऊन सुईवरचे दोन्ही फास एकदम काढायचे. सुई टाक्याच्या दोन्ही धाग्यांखालून जाऊ द्या. फक्त मागचा धागा उचलून विणलं तर आडव्या पट्ट्या उठतात. त्या टोपीच्या काठाला छान दिसतात, रस्त्यावर मात्र दर ओळीला गतिरोधक होतो.

लोकरीच्या वेष्टणावर 4 मिमीची सुई सांगितली असेल तर 3.5 घ्या. 3 मिमीपर्यंत खाली जाऊ नका. तुकडा पुठ्ठ्यासारखा कडक होतो, कडा वळतात आणि मनगट भरून येतं. रुमालाची बारीक पोलादी सुई या कामाची नाही. ती लोकरीचे धागे फोडते.

सुई बरोबर आहे का, हे पाहायला नमुन्याचा तुकडा पाटावर टाचा, पाटाच्या एका बाजूखाली दोन जाड पुस्तकं ठेवा आणि वरून गाडी सोडा. गाडी शेवटपर्यंत आली तर वीण बरोबर. मध्येच थांबली तर सुई किंचित बारीक घ्या, पण 3 मिमीच्या वरच. दर वेळी त्याच ठिकाणी वळत असेल तर तिथे टाका सैल पडलाय किंवा गाठ वर आलीय.

टाके आणि ओळी सारख्याच धरणं

चौकोन हवा म्हणून 50 टाके आणि 50 ओळी विणल्या की तुकडा बसका होतो. मुका खांब रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो. 4 प्लाय (चार पदरी) लोकर आणि 3.5 मिमी सुई घेतली तर 10 सेंमीत साधारण 20 टाके आणि 23 ओळी बसतात. म्हणजे 25 सेंमीला 50 टाके, पण ओळी 58.

याचा खरा फटका रस्त्याला बसतो. उभा रस्ता 24 टाक्यांचा, 12 सेंमी. आडवा रस्ताही 24 ओळींचा केला तर तो साडेदहा सेंमीच भरतो, आणि चौकोन जोडताना उभे-आडवे रस्ते एकमेकांना मिळत नाहीत. हिशोब असा ठेवा (करडा म्हणजे रस्ता, हिरवी कडेची जमीन):

- उभा रस्ता: 13 हिरवे, 24 करडे, 13 हिरवे टाके
- आडवा रस्ता: 15 हिरव्या, 28 करड्या, 15 हिरव्या ओळी

तुमचा हात सैल किंवा घट्ट असेल तर हे आकडे बदलतील. 20 × 20 सेंमीचा नमुना विणा, कडा सोडून मधले 10 सेंमी मोजा आणि आकडे नव्याने मांडा. दुपारी घामेजल्या हाताने विणलेलं आणि रात्री गारव्यात विणलेलं यांतही फरक पडतो. म्हणून दर चौकोन झाला की पहिल्या चौकोनावर ठेवून पाहा. पाच मिमीपर्यंतचा फरक ताणून बसवता येतो, त्याहून जास्त असेल तर उसवलेलं बरं.

हाच नमुना लोकर किती लागेल तेही सांगतो. त्याचं वजन करा आणि 18.75 ने गुणा, कारण मॅटचं क्षेत्रफळ नमुन्याच्या तेवढ्या पट आहे. नमुना 26 ग्रॅम भरला तर 490 ग्रॅम होतात. वर दहा टक्के शिवणकामाला आणि टोकांना धरा. रस्त्याची करडी लोकर एकदमच घ्या आणि वेष्टणावरचा रंगाचा लॉट नंबर जुळतोय का पाहा. मागाहून आणलेला करडा शेजारी लावला की वेगळा दिसतोच.

रंग काळा न घेता गडद करडा घ्यावा. काळ्यावर टाके दिसत नाहीत, आणि संध्याकाळी वीज गेली की मोजणी चुकतेच.

गाडीच्या रुंदीएवढाच रस्ता

गाडी 3 सेंमीची, म्हणून लेन 4 सेंमीची केली तर कागदावर ती पुरते. पण गाडी मुलाच्या मुठीत असते आणि समोरून दुसऱ्या मुलाची मूठ येते. एका लेनला 6 सेंमी द्या. घरात ट्रॅक्टर आणि उसाची ट्रॉली असेल तर आधी ती मोजा. ट्रॉली वळताना मागची चाकं आत कापतात, तिला काटकोनी वळण पुरत नाही. घरातल्या सगळ्यात रुंद गाडीत तीन सेंमी मिळवा, ती एक लेन.

रंग बदलताना लोकर पोटात वाहून नेणं

हिरव्यातून करड्यात जाताना न वापरलेली लोकर टाक्यांच्या आतून नेली तर तीन गोष्टी बिघडतात. हिरव्यातून करडे ठिपके डोकावतात, तेवढा भाग जाड होतो आणि ओढ बसून चौकोन मध्ये अरुंद होतो. बारीक नक्षीत हे चालतं, 24 टाक्यांच्या पट्ट्यात नाही. उभ्या रस्त्याच्या चौकोनाला तीन वेगळे गुंडे लागतात: डावा हिरवा, करडा, उजवा हिरवा. पूर्ण गुंडे लोंबत ठेवू नका. प्रत्येक रंगाची थोडी लोकर कपड्यांच्या चिमट्याला गुंडाळून घ्या, गुंता निम्म्याने कमी होतो.

रंग बदलण्याची जागाही महत्त्वाची. नवा रंग नव्या टाक्यात घेतला तर आधीच्या टाक्याच्या डोक्यावर जुना रंग राहतो आणि रस्त्याची कड करवतीसारखी दिसते. जुन्या रंगाचा शेवटचा टाका अर्धा विणा. सुईवर दोन फास असताना जुनी लोकर खाली सोडा, नवी घ्या आणि ते दोन फास नव्या रंगाने काढा. सोडलेल्या लोकरीवरून नवी एकदा फिरवली नाही तर तिथे उभी चीर राहते. उलट्या बाजूची ओळ विणताना सोडलेली लोकर आपल्याकडे, म्हणजे पुढे घ्यायला बऱ्याचदा विसरायला होतं. मग ती रस्त्याच्या दर्शनी बाजूला येते.

कडा आत जाणं

पन्नासाचे अठ्ठेचाळीस होतात ते ओळीच्या शेवटी. ओळ वळवताना एक साखळी घालायची आणि ती टाका म्हणून मोजायची नाही. पहिला मुका खांब त्याच साखळीच्या बुडाशी असलेल्या टाक्यात घालायचा. तो सोडून पुढच्यात घातला की दर ओळीला एक टाका गळतो. पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात रंगीत दोरा अडकवून ठेवा.

खालची कड वर वळत असेल तर दोष पहिल्या साखळीचा आहे. ती घट्ट पडते. 51 साखळ्या 4 मिमीच्या सुईने घाला, दुसऱ्या साखळीपासून 3.5 ने विणायला लागा.

गोल चौक

लातूरची गंजगोलाई, म्हणजे बाजारपेठेतला मोठा गोल चौक, मॅटवर आणावी असं कुणालाही वाटेल. पण हिशोब पाहा. गोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. प्रत्येकाला एकच लेन, 6 सेंमी दिली तरी परीघ 96 सेंमी होतो, म्हणजे साधारण साडेतीस सेंमी व्यासाचं वर्तुळ. दोन लेन दिल्या तर 61 सेंमी. 75 सेंमीच्या मॅटवर मग दुसरं काही उरत नाही. चार रस्त्यांची गोलाई करा, मुलं तिला गोलाईच म्हणतील.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे करड्या लोकरीचा मोठा गोल वेगळा विणून चौकोनावर शिवणं. त्याच्या कडेला पायरी तयार होते आणि चारही बाजूंनी येणाऱ्या गाड्या तिला धडकतात. त्यापेक्षा चौकोन करडाच ठेवा. चारही कोपऱ्यांत हिरवे त्रिकोण विणा: खाली पहिल्या ओळीत 13 हिरवे, 24 करडे, 13 हिरवे, मग दर ओळीला दोन्हीकडचा एकेक हिरवा कमी, एकेक करडा जास्त; मध्ये दोन ओळी न बदलता विणा, म्हणजे त्रिकोण 15 ओळींचा होऊन आडव्या रस्त्याला जुळतो. वर शेवटच्या पंधरा ओळींत उलट क्रम. मध्ये 10 सेंमीचं हिरवं बेट वेगळं विणून शिवा. गाडी त्यावर चढायची नसतेच, त्यामुळे ते उंच असलेलं चांगलं. भोवती फिरायला साधारण साडेसात-आठ सेंमी रस्ता उरतो.

बेटासाठी 6 मुक्या खांबांनी सुरुवात करा आणि दर फेरीत 6 टाके वाढवा: 12, 18, 24 असे. साधारण 11 फेऱ्या होतात. वाढ दर वेळी त्याच जागी केली की गोलाचा षटकोन होतो. एका फेरीत वाढ जिथे केली, पुढच्या फेरीत ती तीन-चार टाके सरकवा. कडेला झालर यायला लागली तर एक फेरी न वाढवता विणा. मध्ये खोलगट होत असेल तर कुठल्यातरी फेरीत वाढ चुकलीय, टाके मोजा.

कापसाचं शेत दाखवायला पांढऱ्या लोकरीची उठावदार बोंडं सुंदर दिसतात. रस्त्याच्या कडेपासून 3 सेंमी आत घ्या, नाहीतर चाकं त्यांनाच घासतात. नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी सपाट निळं ठेवलं तरी पुरतं. लाटा विणल्या की त्यावर खेळण्यातली नाव उभी राहत नाही.

पांढरे पट्टे

पांढरे पट्टे विणतानाच रंग बदलून घालू नका, मागे टोकांचं जंगल होतं. चौकोन झाल्यावर बोथट सुईने पांढरी लोकर भरा. तीन टाक्यांवरून एकच लांब धागा नेला तर तो चाकात अडकतो आणि मूल तो बोटाने ओढून काढतं. एका टाक्यावर एकच धागा, असे तीन बसवा, मग तीन टाके मोकळे सोडा. पट्ट्याला निम्म्या जाडीची लोकर वापरली तर तो रस्त्याच्या पातळीत बसतो.

जोडणी

क्रोशाच्या सुईने जोडलं तर काम लवकर होतं, पण प्रत्येक सांध्यावर वरंबा येतो. चौकोन शेजारी शेजारी सपाट ठेवून सुईने शिवा, एकावर एक ठेवून नाही. रस्त्याची टोकं आधी टाचणीने जुळवा, शिवण तिथून सुरू करा आणि फरक हिरव्या भागात मुरवा. शिवण्याआधी सगळे चौकोन ओले करून 25 सेंमीवर ताणून टाचा आणि वाळू द्या. साध्या टाचण्या गंजतात आणि डाग पडतो, स्टेनलेसच्या घ्या. ॲक्रिलिक लोकरीवर इस्त्री टेकवू नका. धागा वितळून मऊ लोळागोळा होतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही.

पाठ आणि धुणं

फरशीवर मॅट सरकते, मुलं ती गोळा करून ढकलतात आणि खेळ थांबतो. पाठीला जुन्या सुती लुगड्याचं किंवा धोतराचं कापड लावा. वाकळेला घालतो तसा धावदोरा, दर 10 सेंमीवर, सुईने फक्त मागचे धागे उचलत. कोरं कापड असेल तर आधी दोनदा धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि मॅट चुरगळते. गुळगुळीत टाइल्स असतील तर खाली गालिच्याखाली घालतात ती रबरी जाळी घाला, चारही बाजूंनी 2 सेंमी लहान.

सुती दोरा वापरणार असाल तर गडद रंगाचा तुकडा आधी पांढऱ्या ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवा. फडक्याला रंग लागला तर तो दोरा पांढऱ्याशेजारी नको. मीठ किंवा व्हिनेगर घालून रंग पक्का होईल यावर विसंबू नका. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही आणि मॅट कडक होते. साबण अर्धा घ्या, खळबळून धुणं एकदा जास्त करा. वाळवताना दोरीवर टांगू नका. पाण्याच्या वजनाने ती लांब होते आणि गोलाई लंबगोल होते. खाटेवर सावलीत, पाठ वर करून पसरा.

तीन वर्षांखालचं मूल खेळणार असेल तर सिग्नलला बटण किंवा मणी लावू नका. ते उपटून तोंडात जातात. दिवे लोकरीनेच भरा. लोकरीची टोकं किमान 5 सेंमी आत, एकदा पुढे आणि एकदा उलट्या दिशेने ओवा. गाठ मारून कापलेलं टोक पहिल्याच आठवड्यात बाहेर येतं.