गोव्यात गावावरून टॉवर लाईन येणार असेल तर ग्रामसभेआधी काय करावे

लोकांना राग वीज येण्याचा नसतो. सर्व्हेचे खुंटे दिसल्यावर लाईनची बातमी कळते, त्याचा असतो. म्हणून पंचांनी पहिले काम करावे ते नकाशा मागवण्याचे. प्रत्येक टॉवरचा क्रमांक, सर्व्हे नंबर आणि दोन्ही बाजूंची, लाईनखाली मोकळी ठेवायची पट्टी त्यात हवी. ४०० केव्ही (किलोव्होल्ट) लाईनसाठी एकूण ४६ मीटर आणि २२० केव्हीसाठी ३५ मीटर रुंद पट्टी धरतात. नुसती रेघ मारलेला नकाशा परत पाठवावा.

मग फॉर्म एक व चौदा (जमिनीचा हक्क-उतारा) काढून प्रत्येक सर्व्हे नंबरमागची माणसे शोधा. खरा घोळ इथेच होतो. कागदावर भाटकार म्हणजे जमीनमालक, कसतो कूळ आणि घर मुंडकाराचे, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे. नोटीस मात्र एकालाच जाते. कोमुनिदादच्या (जुन्या गावसंस्थेच्या सामूहिक) जमिनीतही कसणाऱ्याला शेवटी कळते. तिघांनाही एकाच दिवशी सांगा, नाहीतर ग्रामसभेत तीच मंडळी एकमेकांवर उठतात.

काय जाणार ते झाडागणिक सांगा. ४०० केव्हीच्या तारेपासून झाड किमान ५.५ मीटर लांब लागते, २२० ला ४.६. तार उन्हाने आणि भाराने झोळ खाते, म्हणून हे अंतर सर्वाधिक झोळ धरून मोजायचे. पट्टीत भातशेती चालते; माड आणि सुपारी राहत नाहीत. कुळागरवाल्याला, म्हणजे माड-सुपारीच्या बागवाल्याला, ‘शेती करता येईल’ असे सांगणे म्हणजे फसवणूकच.

भरपाईचा हिशेब फळ्यावर मांडा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे टॉवरच्या पायाला जमीनमूल्याच्या २०० टक्के आणि पट्टीला ३० टक्के. पाया म्हणजे चार पायांमधली जागा, अधिक प्रत्येक बाजूला १ मीटर. समजा पाया १० बाय १० मीटर, तर १४४ चौ. मी. दर चौ. मी.ला १,००० रुपये असेल तर २,८८,००० रुपये. २२० केव्हीची पट्टी १०० मीटर लांब गेली, तर ३,५०० चौ. मी.चे १०,५०,०००. झाडे आणि पीक वेगळे. या केवळ सूचना आहेत. आपल्याकडे कोणता दर लागू आहे ते जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्या. रक्कम कमी वाटली तर दाद जिल्हा न्यायाधीशांकडे मागता येते.

आरोग्याचा प्रश्न हमखास येतो. ‘काही होत नाही’ म्हणून तो उडवू नका. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे (२०१०). दुसरीकडे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये अशा क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात घातले. दोन्ही सांगा आणि लाईन सुरू होण्याआधी व नंतर घराघरांत मोजणी मागा.

ठरावात ‘लाईन नको’ एवढेच लिहू नका. प्रकल्पवाला तो बाजूला ठेवतो, कारण विरोध झाला तरी जिल्हा दंडाधिकारी काम करू देण्याचा हुकूम काढू शकतो. पर्यायी वाट लिहा: जुन्या लाईनच्या पट्टीतून, रस्त्याच्या कडेने किंवा एकाच टॉवरवर जास्त सर्किट (तारांचे संच). मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या ४०० केव्ही लाईनबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये नवी पट्टी तोडण्याऐवजी जुन्या २२० केव्हीच्या वाटेचाच मार्ग सुचवला होता. ठरावाला टॉवर क्रमांक आणि सर्व्हे नंबर जोडून पोहोच घ्या.