घरच्या वेल्डिंग मशीनवर हात कसा बसवावा

मशीन पेटीतून काढण्याआधी घरात कापूस कुठे रचलाय ते पाहा. भाव वाढेल म्हणून खान्देशात ओसरीपासून माळ्यापर्यंत कापूस साठवलेला असतो, आणि वेल्डिंगची ठिणगी ३५ फुटांपर्यंत जाऊ शकते. कापूस लगेच भडकत नाही, ढिगाच्या आत धुमसत राहतो आणि काही तासांनी पेट घेतो. कापूस, कडबा, पऱ्हाटी यांपासून लांब, उघड्या अंगणात काम करा. जवळ वाळूचं घमेलं ठेवा. काम संपल्यावर निदान अर्धा तास तिथेच थांबा.

२०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन पूर्ण करंटवर घरातल्या साध्या सॉकेटला झेपत नाही. शिकताना २.५ मिमीच्या रॉडला ७० ते ८० अँपिअर पुरतात. तेवढ्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच) हवा. शेतातल्या मोटरच्या पेटीतून वीज घेणार असाल तर आधी मीटरने व्होल्टेज मोजा. फेज-न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतात, दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. चुकून दोन फेज जोडले की मशीन गेलंच. आकड्यावर तर मुळीच चालवू नका.

मशीनवरची ड्यूटी सायकल, म्हणजे १० मिनिटांत किती वेळ सलग काम करता येतं तो आकडा, साधारण ४० अंशांवर मोजलेली असते. ६० टक्के लिहिलं असेल तर १० मिनिटांत ६ मिनिटं काम, ४ मिनिटं विश्रांती. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ गाठतो तेव्हा हा हिशोबही पुरत नाही, म्हणून सकाळीच उरकावं. घामाचा धोका वेगळाच आहे. रॉड पेटलेला नसताना तो धरायच्या होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असतात. हे कोरड्या हातमोज्याला भेदत नाहीत, पण घामाने भिजलेल्या मोज्यातून झटका बसतो. कातडी हातमोज्यांचे दोन जोड ठेवा, पायात बंद बूट घाला, ओल्या जमिनीवर उभे राहू नका.

डोळ्यांसाठी १० किंवा ११ नंबरच्या काळ्या काचेचं हेल्मेट किंवा हँडशील्ड घ्या. उन्हाचा गॉगल इथे कुचकामी आहे. नुसत्या डोळ्यांनी प्रकाश पाहिला तर त्या वेळी काही वाटत नाही, रात्री मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं. बटाट्याच्या चकत्या, दूध असले उपाय नकोत. मेडिकलमधून सुन्न करणारे थेंब आणून टाकत राहणं तर बुबुळाला घातक आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडेच जा. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे असावेत, टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं. बघायला जमणाऱ्या पोरांना आधी घरात पाठवा.

आता सराव. ६ मिमी जाडीची लोखंडी पट्टी घ्या, गंज आणि रंग ग्राइंडरने काढा, अर्थचा चिमटा त्या चकचकीत जागी लावा. ६०१३ नंबरच्या प्रकारचा कोरडा रॉड होल्डरला लावा. काडी ओढावी तसा रॉड पट्टीवर घासा आणि आर्क (टोक आणि पट्टी यांच्यातली विजेची ज्योत) पेटला की टोक रॉडच्या जाडीइतकंच, म्हणजे २.५ मिमी वर धरा. रॉडचा वरचा भाग पुढे, जायच्या दिशेला, १०-१५ अंश झुकवा आणि खडूच्या रेषेवर सावकाश सरका. रॉड जळत आखूड होतो, म्हणून हात सतत खालीही जायला हवा. नवशिका हेच विसरतो, मग आर्क लांबतो आणि ठिणग्या उडतात.

रॉड सारखा चिकटतोय आणि टाका (वितळून बसलेली वेल्डची रेघ) फुगीर बसतोय, तर करंट कमी आहे किंवा लाइनचं व्होल्टेज पडलंय. रॉड लाल होतोय, टाक्याच्या कडेला चर पडतेय, तर करंट जास्त. चिकटलेला रॉड होल्डर हलवून सुटला नाही तर होल्डरमधून मोकळा करा. टाक्यावर जमलेली खपली काढताना डोळ्यांवर साधा पांढरा चष्मा हवाच, गरम खपली उडून डोळ्यात जाते.

दहा-बारा रॉड जाळल्यावर दोन पट्ट्या काटकोनात एका बाजूनेच जोडा, शिकंज्यात धरा आणि हातोडीने मोडा. मोडलेल्या जागी मूळ पट्टीची कड सरळ, न वितळलेली दिसली तर जोड वरवरचा आहे. टाका बाहेरून कितीही सुबक दिसो, खरं काय ते इथेच कळतं.

जीआय पाइपवरचा जस्ताचा थर जोडाजवळ घासून काढा आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा, त्या धुराने थंडी वाजून ताप येतो. डिझेल किंवा फवारणीच्या औषधाचा रिकामा ड्रम धुतलेला असला तरी त्याला हात लावू नका. ट्रॅक्टरवर काम असेल तर आधी बॅटरीच्या वायरी काढा.

पहिलं काम म्हणून २५ × २५ × ३ मिमीच्या अँगलचा कूलर स्टँड उत्तम. आधी चारही कोपऱ्यांना छोटे टाके मारा, गुण्या लावून तपासा, मगच पूर्ण जोडा. एकाच कोपऱ्यात सलग वेल्डिंग केलं तर अँगल ओढला जातो आणि स्टँड डुगडुगतो. ट्रॉलीचा हूक आणि वखराची पास (लोखंडी पातं) मात्र गावातल्या जाणत्या वेल्डरकडेच न्या. पास बऱ्याचदा गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याच्या कडक पोलादाची असते. ती न तापवता ६०१३ ने जोडली तर टाका टिकतो, पण शेजारी तडा जातो.